बसेल, बिनधास्त न्या

फोनच्या जाहिरातीत त्याची जाडी दशांश चिन्हानंतरच्या आकड्यासकट सांगितलेली असते. २०२५ साली सॅमसंगने ५.८ मिलिमीटरचा फोन काढला, त्याच वर्षी ॲपलने ५.६ चा. तिकडे दोन दशांश मिलिमीटरसाठी दोन कंपन्यांच्या अभियंत्यांनी रात्रींचे दिवस केले असणार. आणि इकडे आपण काय करतो? फोन हातात पडला की दुकानाची पायरी उतरायच्या आत त्याला मागून रबर आणि पुढून काच चढवतो. २००७ चा पहिला आयफोन ११.६ मिलिमीटर जाड होता. म्हणजे अठरा वर्षं घासून घासून ज्या सहा मिलिमीटरची बचत झाली, त्यातले निदान तीन आपण दीडशे रुपयांत परत मिळवतो. घासाघीस केली तर शंभरात.

माझी तक्रार कव्हराबद्दल नाही. कव्हर लावावंच. ज्या देशात फोन हप्त्यांवर येतो आणि फरशी कायमची असते, तिथे दुसरा मार्ग नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, फोन बनवणारा, केबल बनवणारा, गाडीतला होल्डर बनवणारा, हे सगळे लोक उघड्या फोनचं माप घेतात. आणि उघडा फोन आपण पाहिलेला असतो फक्त दोनदा: एकदा खोक्यातून निघाला तेव्हा, आणि एकदा एक्स्चेंजला गेला तेव्हा.

रंगाचंच घ्या. फोन घेताना रंगावरून घरात जी चर्चा होते ती मुलीचं स्थळ ठरवताना होत नाही. निळा की जांभळट निळा की तो पहाटेच्या धुक्याचा वगैरे? मामा, आत्या, सगळ्यांची मतं घेतली जातात. हवा तो रंग शिल्लक नसेल तर चार दिवस थांबतातही. मग पहाटेच्या धुक्यावर काळं कव्हर चढतं आणि पुढची तीन वर्षं धुकं काही कोणाला दिसत नाही. काही जण तोडगा म्हणून पारदर्शक कव्हर घेतात. उन्हाने आणि हाताच्या घामाने ते काही महिन्यांत पिवळं पडतं, आणि मूळ रंग कुठलाही असो, त्यावर मुरांब्याची छटा येते.

पुण्यात कव्हर घ्यायला बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास जावं. पूर्वी तिथे पासोड्या विकायला बसत, म्हणून देवाचं नाव पासोड्या विठोबा पडलं असं सांगतात. माणसांची पांघरुणं गेली, फोनची आली. विठोबाने कमरेवरचे हात काढलेले नाहीत.

तिथला संवाद ठरलेला असतो.

“दादा, ह्याचं कव्हर आहे का?”

“मॉडेल कुठलं?”

इथे गिऱ्हाईक गप्प. कारण मॉडेलचं नाव फोनच्या पाठीवर असलं तरी पाठीवर जुनं कव्हर असतं. ते काढायला नख लावावं तर नख तुटतं. शेवटी दुकानदार अंगठ्याने कोपरा दाबतो, फटकन कव्हर निघतं, आणि त्याच्या आतून मालकाचं खाजगी आयुष्य काउंटरवर सांडतं. चार घड्या घातलेली पाचशेची नोट, स्वामी समर्थांचा छोटा फोटो, पासपोर्ट साइझचा स्वतःचा फोटो (दोघांच्या पाठी एकमेकींना चिकटलेल्या), इस्त्रीवाल्याचा हिशेब, आणि कडेने साठलेली ती राखाडी धूळ, जी घरात कुठेच नसते पण प्रत्येक कव्हरात असते. ते सगळं गोळा होईपर्यंत दुकानदाराने मॉडेल ओळखलेलं असतं.

“ह्याचं संपलंय. प्रो प्लसचं देऊ का? बसेल.”

“पण कॅमेऱ्याचं भोक?”

“अहो, बसेल. बिनधास्त न्या.”

आणि ते बसतं. म्हणजे फोन त्यात जातो. कॅमेऱ्याच्या तीन डोळ्यांपैकी अडीच उघडे राहतात. उरलेल्या अर्ध्यामुळे पुढे लग्नाच्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात एक काळी चंद्रकोर येते आणि त्या बाजूची मंडळी कायमची ग्रहणात जातात.

पण खरा संसार सुरू होतो रात्री, फोन चार्जिंगला लावताना. नवं कव्हर, जुनी केबल. पिन आत जाते, ‘टुंग’ वाजतं, विजेचं चिन्ह येतं, आपण दिवा घालवतो. दिवा घालवल्यावर चिन्ह जातं. सकाळी फोन चार टक्क्यांवर, आणि घरात पहिला प्रश्न: “रात्री बटण कोणी बंद केलं?” बटण कोणीच बंद केलेलं नसतं. झालेलं असतं एवढंच की, केबलच्या पिनेभोवती जे प्लास्टिकचं मुंडकं असतं ते कव्हराच्या भोकाच्या काठाला अडलेलं असतं आणि पिन आत पूर्ण न जाता उंबरठ्यावर उभी असते.

वास्तविक टाइप-सीच्या नियमावलीत ह्या मुंडक्याचं कमाल मापही ठरवून दिलेलं आहे: रुंदी १२.३५ मिलिमीटर, जाडी ६.५. कव्हराचं भोक एवढं पाडलं की भांडण संपलं. पण केबल स्टेशनबाहेरच्या पथारीवरची असते, तिने नियमावली वाचलेली नसते. आणि कव्हरवाल्याने भोक पाडलेलं असतं ते फोनचं तोंड बघून. त्या तोंडात काय जाणार आहे हा विचार त्याच्या खात्यातला नाही. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून कायद्याने सगळ्या नव्या फोनना एकच टाइप-सीचं तोंड करायला लावलं. केवढा गाजावाजा झाला. कव्हराच्या भोकाबद्दल मात्र तो कायदा गप्प आहे. म्हणजे जगातली कुठलीही केबल आता कुठल्याही फोनला चालते, फक्त माझ्या आणि तुमच्या कव्हरातून आत जात नाही.

ह्यावर घरोघरी निरनिराळे उपाय आहेत. आमच्या वहिनी सुरी गॅसवर तापवून कव्हराचा तेवढा भाग कापून काढतात. भोक मोठं होतं, घरभर रबराचा वास सुटतो, आणि त्या सुरीने कापलेल्या काकडीला आठवडाभर तोच वास येतो. त्याहून मोठं म्हणजे, ज्या कडेचं कव्हर कापलं त्याच कडेवर फोन पडतो. चार कोपरे, सहा बाजू, पण पडणार तिथेच. मेहुण्यांची पद्धत अहिंसक आहे. ते रोज रात्री कव्हर खालून अर्धं उलटं करतात. इंजेक्शन घ्यायला सदरा वर करून बसलेल्या पेशंटसारखा फोन रात्रभर टेबलावर पडून असतो. सकाळी ते सदरा खाली करतात. ह्या रोजच्या कवायतीने कव्हराची खालची कड ढिली झाली आहे आणि आता चालताना फोन कव्हरातून हळूहळू बाहेर यायला लागला आहे.

हेडफोनवाल्यांचे हाल वेगळे. ज्यांच्या फोनला अजून गोल पिनेचं भोक आहे त्यांनी अनुभव घेतला असेल: जाड कव्हरामुळे पिन दोन मिलिमीटर बाहेर राहते आणि गाण्यातून गायिका नाहीशी होते. व्हायोलिन आहेत, तबला आहे, कोरस लांबून कुठूनतरी येतो आहे, बाई गेल्या. ह्यात भुताटकी काही नाही. पिनेवरचं अर्थिंगचं कडं आत नीट टेकलं नाही की दोन कानांच्या आवाजांची वजाबाकी ऐकू येते. जे डावीकडे आणि उजवीकडे सारखं असेल ते कटतं, आणि बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे सारखा असतो तो गायकाचा आवाज. वाद्यं इकडे-तिकडे पसरलेली असतात म्हणून वाचतात. कराओकेची हौस असणाऱ्यांनी वेगळं मशीन घेण्याऐवजी एक जाड कव्हर घ्यावं.

हा दोष कव्हराच्याच माथी मारणं अन्यायाचं होईल. पहिल्या आयफोनमध्ये कंपनीने हेडफोनचं भोक स्वतःच इतकं आत खोल ठेवलं होतं की बाजारातल्या कित्येक हेडफोनच्या पिना त्यात बसतच नव्हत्या. एवढा महाग फोन घेतलेले लोक वर एक जोडतुकडा विकत घेऊन गाणी ऐकत होते. पुढच्या वर्षी भोक वर आणलं. २०१६ मध्ये आयफोन ७ आला तेव्हा ते बुजवूनच टाकलं. दाढ दुखते म्हटल्यावर काहींनी जबडाच काढला, आणि मग बाकीच्या कंपन्यांनीही आधी थोडी थट्टा करून आपापले जबडे काढले.

कव्हराच्या इतिहासातलं सोन्याचं पान मात्र २०१० चं. त्या वर्षीच्या आयफोन ४ ची धातूची कड हीच त्याची अँटेना होती. फोन डाव्या हातात धरला की तळहात नेमका कडेवरच्या फटीवर यायचा आणि रेंज पडायची. बोंबाबोंब झाली. १६ जुलैला स्टीव्ह जॉब्जना पत्रकार परिषद घ्यावी लागली, आणि जगातल्या सर्वांत बारकाईने घडवलेल्या त्या फोनवर उपाय काय निघाला? फुकट कव्हर. कडेभोवती बसणारी रबराची चौकट, ‘बंपर’ म्हणत तिला. हात धातूला लागेनासा झाला. पण बंपरची भोकं कंपनीच्या स्वतःच्या केबलच्या मापाने पाडलेली. दुसऱ्यांच्या जाड मुंडक्याच्या केबली आणि फोन उभा करायचे स्टँड त्यात शिरेनात. रेंज आली, चार्जिंग गेलं. मला ह्यात आपल्याकडच्या वैद्यकीय परंपरेशी काहीतरी नातं दिसतं. आणि पंधरा वर्षांनी, जो ५.६ मिलिमीटरचा फोन मी सुरुवातीला सांगितला, त्याच्याबरोबर कंपनीने काय विकायला ठेवलं? बंपर. ह्या वेळी फुकट नाही.

आता रस्त्यावर येऊ, कारण ह्या विषयातले खरे तज्ज्ञ तिथे आहेत. दुचाकीच्या हँडलवर जो होल्डर असतो तो फोनला चार कोपऱ्यांत किंवा दोन कडांवरून धरतो. उघड्या फोनच्या कडेवर बटणं कुठे आहेत ते टाळून पंजे बसवता येतात. कव्हर आलं की फोन दोन्हीकडून फुगतो, पंजा सरकतो आणि नेमका बटणावर बसतो. मग प्रत्येक खड्ड्यागणिक आवाज वाढतो, कमी होतो, स्क्रीन जाते, येते. आपल्याकडे २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटकाळी मदत मागायची सोय असली पाहिजे असा सरकारी नियम झाला. पॉवरचं बटण पटापट दाबलं की मदतीचा फोन लागावा, ही त्यातली कल्पना. कल्पना उत्तमच. पण कव्हर, होल्डर आणि आपल्या महापालिकेचे रस्ते हे तिघं एकत्र आले की बटण पटापट दाबायला माणसाची गरज उरत नाही. अर्थात एखाद्या रस्त्याने स्वतःहून पोलिसांची मदत मागितली तर ती मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

जेवण घरपोच आणून देणाऱ्या पोरांचे फोन एकदा नीट बघा. होल्डरचे पंजे येतात तिथे कव्हर ब्लेडने कापलेलं. पॉवर बँकेची केबल शिरते तिथे कापलेलं. आवाज बाहेर येण्यासाठी खाली कापलेलं. शेवटी उरतात ते फोनचे चार कोपरे आणि पाठीवरची एक पट्टी, आणि तेवढंच खरं कामाचं असतं. पावसाळ्यात त्यावर दुधाची पिशवी आणि रबरबँड. मग पिशवीवरून पाण्याचे थेंब ओघळतात, काचेला बोट आणि थेंब ह्यातला फरक कळत नाही, आणि पाऊस स्वतःच वारज्याची ऑर्डर स्वीकारून मोकळा होतो. जाता जाता सांगतो, दुचाकीच्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याच्या आतली स्थिर राखणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच देऊन ठेवला आहे. रस्त्याच्या थरथरीचा त्यात वेगळा विचार केलेला दिसत नाही.

मोटारवाल्यांनी होल्डरऐवजी लोहचुंबक लावलं. फोन आणि कव्हर ह्यांच्यामध्ये एक लोखंडी चकती सरकवायची, फोन डॅशबोर्डवर चटकन चिकटतो. काम बेस. फक्त त्या चकतीमुळे दुसरं दुकान बंद होतं. बिनवायरच्या चार्जिंगमध्ये चार्जरच्या आत एक वेटोळं, फोनच्या पाठीत एक वेटोळं. दोघांमध्ये फार तर काही मिलिमीटरचं अंतर चालतं, आणि धातू तर अजिबात नको. मध्ये चकती आली की ती तापते आणि जरा शहाणा चार्जर असेल तर काहीतरी भलतंच आहे म्हणून काम थांबवतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी असा चार्जर घेतला. त्यांच्या कव्हरात चकती, तिच्यावर मेट्रोचं कार्ड, त्यावर एटीएम कार्ड आणि सर्वांत वर गजानन महाराज. चार्जरवर फोन ठेवून काका अर्धा तास बघत बसले. मग म्हणाले, “डुप्लिकेट दिलाय मेल्याने.” चकती काढायला ते तयार नाहीत, कारण मोटार. कार्डं काढायला तयार नाहीत, कारण मेट्रो. आणि मेट्रोच्या फाटकावर ते रोज थांबतात, कारण एकाच कव्हरात दोन कार्डं असली की फाटकाने विचारल्यावर दोघंही एकदम उत्तर देतात आणि फाटक गोंधळतं. मागची रांगही बोलू लागते, पण ते उत्तर छापण्यासारखं नसतं.

एक गोष्ट मात्र थट्टेत घालवण्यासारखी नाही. सदऱ्याच्या वरच्या खिशात, डाव्या छातीवर फोन ठेवायची आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांची सवय जुनी आहे. ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांनी चुंबकवाले फोन आणि तसली उपकरणं त्यापासून पंधरा सेंटिमीटरहून लांब ठेवावीत असं ॲपलच सांगतं. चुंबकाचं कव्हर घेताना घरात कोणाला पेसमेकर आहे का, हे दुकानदार विचारत नाही, आपण विचारावं.

कव्हरामुळे केबल अडते, आवाज अडतो, हे समजू शकतं. पण कव्हराने कुलूप उघडल्याचाही दाखला आहे. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका बाईंनी आपल्या सॅमसंग एस१० च्या स्क्रीनवर स्वस्तातलं जेलचं आवरण लावलं. त्या फोनचा ठसा ओळखणारा भाग काचेखाली. आवरण लावून त्यांनी आपलं बोट नोंदवलं, आणि लक्षात आलं की आता नवऱ्याच्या अंगठ्यानेही फोन उघडतो. झालं होतं असं की, यंत्राने बोटावरच्या रेषांऐवजी आवरणावरचीच नक्षी ठसा म्हणून लक्षात ठेवली होती. नक्षी कायम तिथेच, मग वर बोट कोणाचं का असेना! कंपनीने दुरुस्ती पाठवली आणि प्रकरण मिटलं. स्वस्तातल्या प्लास्टिकने नवराबायकोत एवढा मोकळेपणा आणलेला दुसरा प्रसंग निदान माझ्या ऐकिवात नाही.

आत्तापर्यंत नियम सरळ होता: अडचण आली की कव्हर काढा. दुकानदार तेच सांगतो, कंपनीच्या पुस्तिकेतही तेच असतं. ‘जाड कव्हर असल्यास काढून पहावे.’ २०२० मध्ये ॲपलने फोनच्या पाठीतच चुंबकांचं कडं बसवलं, चार्जर आपोआप जागेवर चिकटू लागला. पुढे त्याच धर्तीवर सगळ्यांसाठी प्रमाण ठरलं. मग २०२५ च्या सुरुवातीला सॅमसंगचा एस२५ आला, आणि त्यात एक मोठी गंमत झाली. फोन त्या प्रमाणासाठी ‘तयार’ आहे असं जाहीर झालं, फक्त चुंबक फोनमध्ये नव्हतं. कुठे होतं? कव्हरात! चार्जर नीट चिकटायला हवा असेल तर कंपनी आता म्हणते, कव्हर घाला. उघड्या फोनला चार्जर टिकत नाही. एवढी वर्षं आपण ज्याला आरोपी म्हणून उभं केलं होतं ते कव्हर आता सरकारी साक्षीदार झालं आहे.

बुधवार पेठेत ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. ज्यांना कंपनीचं कव्हर परवडत नाही त्यांच्यासाठी चुंबकाचं नुसतं कडं मिळतं, पाठीमागे चिकटपट्टी लावलेलं. आपल्या आहे त्या कव्हरावर चिकटवायचं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी ते आणलं. आतल्या चकतीमुळे चार्जर अजूनही चालत नाही, पण फोन आता लोखंडी कपाटाला चिकटतो, फ्रिजला चिकटतो, जिन्याच्या कठड्याला चिकटतो. परवा लिफ्टच्या दाराला चिकटून दोन मजले काकांशिवाय फिरून आला. त्यावरून काकूंनी विषय काढला.

“आता हा पडतच नाही ना कुठे?” काकू म्हणाल्या. “सगळीकडे चिकटतोय. मग ते जाडजूड कव्हर काढून टाका की. चार्जिंग तरी होईल.”

काकांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं.

“कव्हर काढलं तर कडं कशावर चिकटवू?”